स्टेज फिरव

कार्बोरंडमची ओली पूड काचेवर घासताना जो आवाज होतो तो पाट्यावरच्या वाटणासारखा असतो. सुरुवातीला खरखरीत. मग खोबरं मऊ होत जावं आणि वरवंटा नुसता सरकत राहावा, तसा. आमच्या कॉलेजच्या भूशास्त्र विभागात तळमजल्यावरच्या एका खोलीत हा आवाज दिवसभर चालू असायचा, आणि तो करणारे गृहस्थ म्हणजे लॅबमधले मामा. त्यांना नाव होतं, हजेरीपटावर ते लिहिलेलंही असे, पण प्राध्यापकांपासून सगळे त्यांना मामाच म्हणत.

मामांचं काम खडक पातळ करण्याचं. सह्याद्रीतला एखादा बसाल्टचा तुकडा घ्यायचा, हिऱ्याच्या कडेच्या करवतीनं त्याची चकती कापायची, तिची एक बाजू घासून गुळगुळीत करायची आणि ती कॅनडा बाल्सम नावाच्या गरम डिंकानं काचपट्टीवर चिकटवायची. मग दुसरी बाजू घासत बसायची. २२० नंबरची पूड, मग ४००, मग ६००, शेवटी १०००. चकती ०.०३ मिलिमीटर उरेपर्यंत. माणसाच्या केसाच्या निम्म्याहूनही कमी. हातोड्यानं फुटताना ठिणग्या उडवणारा तो काळा कुळकुळीत दगड एवढा पातळ झाला की त्यातून आरपार दिसतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हे जरा फसवल्यासारखंच वाटलं होतं.

०.०३ मिलिमीटर मोजायचं कसं? मामांकडे मोजायचं कुठलंही साधन नव्हतं. ते काचपट्टी पाण्यात बुडवत, अंगठ्यानं पुसत आणि कोपऱ्यातल्या जुन्या मायक्रोस्कोपखाली ठेवत. क्षणभर बघत. “पिवळं आहे,” म्हणून परत घासायला बसत. पाच मिनिटांनी पुन्हा बघत. “आता राखाडी आलं. पुरे.” आम्ही वर्गात ज्याचं गणित करत होतो ते मामा रंगावरून ओळखत होते.

त्या मायक्रोस्कोपमध्ये नमुन्याच्या खाली एक ध्रुवक असतो आणि वर एक. खालचा ध्रुवक प्रकाशाला एकाच दिशेनं थरथरायला लावतो, म्हणजे ध्रुवित करतो. वरचा त्याच्याशी काटकोनात असतो, म्हणजे खालून आलेलं सगळं तो अडवतो. मध्ये काही नसेल तर नजरेसमोर नुसता काळोख. या मांडणीला आम्ही ‘क्रॉस निकॉल’ म्हणायचो आणि विद्यार्थी अजूनही म्हणतात. ध्रुवक म्हणून वापरला जाणारा विल्यम निकॉलचा कॅल्साइटचा प्रिझम या मायक्रोस्कोपांतून कधीच हद्दपार झाला, त्याच्या जागी पोलरॉइडची फिल्म आली, पण नाव चिकटून राहिलं. कॅनडा बाल्समसारखंच.

आता या काळोखात स्फटिकाची पातळ चकती सरकवा. बहुतेक स्फटिकांत प्रकाशाचा वेग सगळ्या दिशांना सारखा नसतो. अणूंची रचना एका दिशेला दाट, दुसऱ्या दिशेला विरळ, त्यामुळे आत शिरलेला किरण दोन भागांत फुटतो. एक भाग पुढे निघून जातो, दुसरा किंचित रेंगाळतो. हेच द्विअपवर्तन. बाहेर पडताना दोघांमध्ये काहीशे नॅनोमीटरचं अंतर पडलेलं असतं. वरच्या ध्रुवकात ते पुन्हा एका रेषेत येतात तेव्हा काही रंग एकमेकांना खोडतात आणि काही उरतात. उरलेले आपल्याला दिसतात. बसाल्टमधल्या प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार या खनिजात दोन अपवर्तनांकांतला फरक ०.००९च्या आसपास असतो. त्याला ३०,००० नॅनोमीटर जाडीनं गुणा, २७० येतात, आणि २७० नॅनोमीटरला रंग दिसतो राखाडी-पांढरा. चकती ०.०४ मिलिमीटरची राहिली तर अंतर ३६०वर जातं आणि फेल्डस्पार पिवळं होतं. मामांचं ‘पिवळं आहे’ म्हणजे हा गुणाकार. शेजारच्या ऑजाइट या खनिजात फरक ०.०२५च्या घरात, म्हणून ते त्याच जाडीला निळं-हिरवं झळकतं. ओगुस्त मिशेल-लेव्ही या फ्रेंच भूशास्त्रज्ञानं १८८८ साली जाडी, फरक आणि रंग यांचा जो तक्ता केला, तो आमच्या लॅबच्या भिंतीवर तेलकट बोटांच्या ठशांसकट लावलेला होता. मामांनी त्याच्याकडे बघितलेलं मला आठवत नाही.

गंमत कॅल्साइटची. त्याचे अपवर्तनांक १.६५८ आणि १.४८६, म्हणजे फरक तब्बल ०.१७२. फेल्डस्पारच्या जवळजवळ वीसपट. मग रंग भडक दिसायला हवेत ना? नाही. अंतर पाच हजार नॅनोमीटरच्या वर जातं, इतके रंग एकाच वेळी खोडले आणि जोडले जातात की शेवटी मोत्यासारखी फिकट गुलाबी-पांढरी झाक उरते. या तिघांत सगळ्यात जास्त दुभंगलेला स्फटिक सगळ्यात सोज्वळ दिसतो.

पहिल्या वर्षीच्या तोंडी परीक्षेआधी मी एका सेक्शनचं, म्हणजे अशा पातळ चकतीचं, वर्णन लिहून मामांना दाखवलं. खरं तर सरांना दाखवायचं होतं, पण सर मीटिंगमध्ये होते. मी लिहिलं होतं की मध्यभागी काळा, समदिक भाग आहे, म्हणजे ही काच. लाव्हा झटकन थंड झाला की स्फटिक बनायला वेळ मिळत नाही आणि मधल्या जागेत काच उरते. काचेत सगळ्या दिशा सारख्याच, म्हणून क्रॉस निकॉलमध्ये ती काळी. पुस्तकाबरहुकूम उत्तर होतं.

मामांनी हात पुसले, डोळा लावला आणि एका बोटानं गोल स्टेज, म्हणजे काचपट्टी ठेवायची फिरती तबकडी, ढकललं. “बघ आता.”

मी पाहिलं. माझी ‘काच’ उजळून निघाली होती. राखाडी-पांढरी. चांगलं ठसठशीत फेल्डस्पार.

“काळं दिसलं की आधी फिरवायचं पोरी. फिरवूनपण काळंच राहिलं तर मग काच म्हण.”

स्फटिकाच्या आतल्या दोन दिशा ध्रुवकांच्या दिशांशी जुळल्या की प्रकाश फुटतच नाही. तो सरळ जातो आणि वरच्या ध्रुवकात अडतो. पूर्ण फेरीत असं चार वेळा होतं. त्या चार जागांवर द्विअपवर्तक स्फटिक आणि काच यांत काहीही फरक दिसत नाही. काळोख तोच, कारणं वेगळी. एकात दाखवण्यासारखं काही नाहीच, आणि दुसऱ्यात आहे, पण तुम्ही नेमके चुकीच्या कोनात उभे आहात.

या शास्त्राचा इतिहास वाचायला घेतला तेव्हा लक्षात आलं की यातले बहुतेक शोध कुणीतरी काहीतरी हातात धरून फिरवल्यामुळे लागलेत. १६६९मध्ये कोपनहेगनच्या रास्मुस बार्थोलिननं आइसलँडहून आलेल्या स्वच्छ कॅल्साइटमधून कागदावरच्या खुणा पाहिल्या. प्रत्येक खूण दोनदा दिसली. स्फटिक फिरवला तर एक प्रतिमा जागच्या जागी राहिली आणि दुसरी तिच्याभोवती प्रदक्षिणा घालू लागली. डच शास्त्रज्ञ हायगेन्सनं एका कॅल्साइटवर दुसरा ठेवून फिरवला, तर प्रतिमा आळीपाळीनं विझू लागल्या. १६९०च्या आपल्या ग्रंथात त्यानं दुहेरी अपवर्तनाची भूमिती मांडली, पण हे विझणं कशानं होतं ते आपल्याला समाधानकारक सांगता येत नाही, अशी स्वच्छ कबुलीही दिली. पुढे १८०८मध्ये पॅरिसमध्ये एत्येन मालूसनं लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परतणारं मावळतीचं ऊन कॅल्साइटमधून पाहिलं, स्फटिक फिरवला आणि दोन प्रतिमांची उजळी कमी-जास्त होताना पाहिली. परावर्तित प्रकाशही ध्रुवित असतो हे तिथं कळलं.

बार्थोलिनचा कॅल्साइट आइसलँडच्या पूर्वेकडच्या ज्या भागातला मानतात, तिथला हेल्गुस्ताडिरचा खाणपट्टा बसाल्टच्या पोकळीतलाच. लाव्हा थिजला, आत फुगे आणि भेगा राहिल्या, त्यांतून गरम पाणी झिरपलं आणि शतकानुशतकं स्फटिक वाढवत राहिलं. आपल्याकडेही हेच घडलंय, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या लाव्ह्यात. जळगाव, नाशिक, पुणे परिसरातल्या दगडखाणींतून झिओलाइट, अ‍ॅपोफिलाइट, कॅल्साइट निघतात. वाघोलीच्या खाणीतलं निळं कॅव्हन्साइट जगभरच्या संग्रहालयांत आहे. दगडखाणीच्या क्रशरवर मात्र सगळ्याची खडीच व्हायची. एका मुकादमानं मला मूठभर कॅल्साइट देताना विचारलं होतं, “हे घेऊन काय करणार, ताई? याला डांबर धरत नाही.”

एम.एस्सी. झाले आणि भूशास्त्रातली नोकरी काही मिळाली नाही. मिळाली ती चाकणच्या बाजूला, पारदर्शक प्लॅस्टिकचे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात. क्वालिटीमध्ये. दगडाशी संबंध संपला असं वाटलं. पहिल्याच आठवड्यात स्टोअरच्या कपाटात एक लाकडी खोकं दिसलं. आत दिवा, वर एक पोलरॉइड, खाली एक पोलरॉइड, मध्ये वस्तू धरायला रिकामी जागा. मायक्रोस्कोप नसलेला क्रॉस निकॉल. इथं त्याला पोलरिस्कोप म्हणत होते.

प्लॅस्टिक किंवा काच मुळात समदिक. पण ताणली, दाबली, वाकवली की ताणाच्या दिशेनं आणि आडव्या दिशेनं प्रकाशाचा वेग वेगळा होतो. तात्पुरतं द्विअपवर्तन. काचेतला हा गुण स्कॉटिश शास्त्रज्ञ ब्रूस्टरनं एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दाखवला. पुढे थोर भौतिकशास्त्रज्ञ झालेल्या मॅक्सवेलची गोष्ट मला त्याहून आवडते. तो पंधरा-सोळा वर्षांचा असताना, १८४७ साली, मामा त्याला म्हाताऱ्या निकॉलकडे घेऊन गेला होता (इथंही मामा!). घरी येऊन पोरानं काच तापवून झटकन थंड केली, ध्रुवित प्रकाशात तिच्यातली रंगीत नक्षी पाहिली आणि तिची जलरंगात चित्रं काढून निकॉलला पाठवली. निकॉलनं खूश होऊन स्वतः बनवलेले दोन प्रिझम त्याला भेट दिले. पुढे मॅक्सवेलनं जेलीचे साचे पिळून त्यांतले ताण रंगांवरून वाचले आणि १८५० साली घन पदार्थांच्या लवचिकतेवरच्या निबंधात ते मांडले. विसाव्या शतकात कोकर आणि फिलॉन यांनी लंडनमध्ये याचं पुरतं शास्त्र केलं. पूल, दातेरी चाकं, धरणाच्या भिंती यांच्या प्लॅस्टिकच्या छोट्या प्रतिकृती करून त्यांवर वजन टाकायचं आणि रंगीत पट्टे मोजायचे. पट्टे जिथं दाटीवाटीनं येतात तिथं ताण जास्त. संगणकानं ताण काढायला लागण्याआधी अभियंत्यांना वस्तूच्या आतलं बघायची ही एक खिडकी होती.

आमच्या कारखान्यात पॉलिकार्बोनेटचं काम. हे प्लॅस्टिक अंगावर घाव झेलतं, पण आत ताण साठवून ठेवतं आणि पोलरिस्कोपखाली ते फार बोलकं असतं. साच्यात गरम प्लॅस्टिक जिथून शिरतं त्या गेटपाशी इंद्रधनुष्याची दाटी. भाग भट्टीत १२० अंशांना काही तास ठेवला की ताण सैलावतो आणि रंग उतरतात. पण सगळे रंग उतरत नाहीत, हे कळायला मला वर्ष लागलं. वाहता वाहता लांबलचक रेणू एका दिशेला ओढले जातात आणि तसेच गोठतात. तेही द्विअपवर्तनच, पण ते ताणाचं नाही, आणि पॉलिकार्बोनेट मऊ पडायच्या खाली, म्हणजे साधारण १४५ अंशांच्या खाली, तापवून ते जात नाही. रंग दिसला म्हणून नापास करावं तर भट्टीवाले वैतागतात, आणि त्यांचं बरोबर असतं. म्हणून शंका असली की आम्ही एखादा नमुना टोल्युइन आणि प्रोपेनॉलच्या मिश्रणात काही मिनिटं बुडवायचो. ताण खरा असेल तर भेगा पडायच्या.

आता माझी चूक. एक लांबट, अरुंद पारदर्शक झाकण होतं, वीतभर लांबीचं. लाइनवरच्या मुली ते हातात धरून पोलरिस्कोपमधून पाहायच्या. प्रत्येकीचा हात वेगळा, कोन वेगळा, म्हणून निकाल वेगळे. मी शहाणपणा केला. झाकण नेमकं आडवं बसेल असं एक फिक्स्चर बनवून घेतलं. आता प्रत्येक झाकण त्याच जागी, त्याच कोनात. निकाल एकदम सुधारले. नापास होणारे भाग जवळजवळ संपले. मी तो आलेख मीटिंगमध्ये दाखवलासुद्धा.

दोन महिन्यांनी ग्राहकाकडून झाकणं परत आली. स्क्रूच्या भोकाजवळ तडे. त्यांच्याकडे पुसायला कुठलं तरी द्रावण वापरत होते, आणि आधीच ताणलेल्या प्लॅस्टिकला तेवढं पुरतं. मी परत आलेलं एक झाकण फिक्स्चरमध्ये बसवलं. काळं. स्वच्छ. तडा सोडला तर काहीच नाही. मी ते पुन्हा पुन्हा बसवत होते. शेवटी लाइनवरची एक मुलगी मागून म्हणाली, “मॅडम, हातात घेऊन तिरकं धरा की. मग दिसतंय.”

तिरकं धरलं. रंगांचा पूर आला.

झाकण लांबट, ताण त्याच्या लांबीच्या दिशेनं, आणि मी ते फिक्स्चरनं नेमकं ध्रुवकाच्या दिशेला समांतर बसवलं होतं. मामांच्या सेक्शनमधलं फेल्डस्पार जसं चारपैकी एका जागी विझतं, तसं. आधी मुलींचे हात वेडेवाकडे होते म्हणून त्यांना दिसत होतं. माझ्या शिस्तीनं ते बंद झालं. उपाय सोपा होता. दोन्ही ध्रुवकांच्या आत एकेक क्वार्टर-वेव्ह प्लेट घातली की प्रकाश गोल फिरत जातो, त्याला दिशा उरत नाही, आणि वस्तू कशीही धरली तरी ताणाचे रंग दिसतात. पण त्यातही एक खोच आहेच. रंग दाखवतात तो दोन दिशांच्या ताणांमधला फरक, ताण नव्हे. चारी बाजूंनी सारखंच ओढलं तर फरक शून्य, आणि तिथं पुन्हा काळं.

त्या वेळी मामांना फोन करावासा वाटला. ते निवृत्त होऊन गावी गेले होते आणि माझ्याकडे नंबर नव्हता.

पुढे ही युक्ती जागोजागी भेटत गेली. पॉलिएस्टरचा धागा किती ओढला गेलाय ते द्विअपवर्तनावरून कळतं. न ओढलेल्या धाग्यात ते नगण्य, पुरत्या ओढलेल्यात ०.१५च्या पुढे. बाबांचा अंगठा सुजून लाल झाला तेव्हा सांध्यातलं पाणी काढून तपासलं, तेही ध्रुवित प्रकाशात. गाऊटमध्ये सांध्यात साठणाऱ्या युरेटच्या सुया ठरावीक दिशेला धरल्या की पिवळ्या दिसतात आणि काटकोनात फिरवल्या की निळ्या. दुसऱ्या एका स्फटिकानं येणाऱ्या सांधेदुखीत रंग नेमके उलटे. १९६१ साली अमेरिकेतल्या दोन डॉक्टरांनी युरेटच्या सुया अशा ओळखून दाखवल्या आणि तेव्हापासून तीच पक्की चाचणी. पॅथॉलॉजीतल्या तंत्रज्ञाला मी विचारलं, “फिरवून बघितलंत ना?” त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की पुढं काही बोलले नाही.

आणि पंचरत्नम. बंगळुरूत, सी. व्ही. रामन यांच्या संस्थेत, त्यांचाच हा भाचा स्फटिकांच्या पातळ चकत्यांमधून दिसणाऱ्या रंगीत आकृत्यांचा अभ्यास करत होता. आयोलाइटसारखे, प्रकाश दिशेनुसार कमी-जास्त शोषणारे स्फटिक. १९५६ साली, बाविसाव्या वर्षी, त्यानं लिहिलं की प्रकाशाच्या ध्रुवणाची अवस्था बदलत बदलत पुन्हा मूळ अवस्थेला आणली, तरी प्रकाश पूर्वीसारखा राहत नाही. त्याच्या कलेत, म्हणजे लहरीच्या फेजमध्ये, फरक पडलेला असतो, आणि तो किती हे त्या फेरीनं घेरलेल्या क्षेत्रावरून ठरतं. सगळं परत जागेवर, तरी फिरल्याची खूण शिल्लक. १९८४मध्ये ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ मायकेल बेरीनं क्वांटम यांत्रिकीत तसंच काही स्वतंत्रपणे शोधलं, आणि मग भारतातल्या शास्त्रज्ञांनी त्याला या जुन्या निबंधाकडे नेलं. पंचरत्नम तोवर नव्हता. १९६९ साली ऑक्सफर्डमध्ये, पस्तिसाव्या वर्षी गेला. मला हे कळलं तेव्हा मी चाळिशीत होते, आणि वाईट वाटलं ते याचं की तीन वर्षं क्रॉस निकॉल पाहूनही हे नाव एकदाही कानावर आलं नव्हतं.

गेल्या मे महिन्यात भाऊ, वहिनी आणि भाचा गाडीनं मुंबईला चालले होते, मीही सोबत होते. भाच्यानं नवा पोलराइज्ड गॉगल घातलेला. खालापूरच्या पुढे तो म्हणाला, “आत्या, समोरच्या गाडीच्या मागच्या काचेवर बिबट्यासारखे ठिपके आहेत.” मी म्हटलं, मान वाकडी कर. “गेले!” मग परत आले. कडक केलेली काच तापवून हवेच्या झोतांनी झटकन थंड करतात, आणि प्रत्येक झोत आपला ताण त्या काचेत ठेवून जातो. आकाशाचा प्रकाश थोडा ध्रुवित असतो, उरलेलं काम गॉगल करतो. उरलेल्या वाटेत त्यानं दिसेल त्या गाडीकडे मान वाकडी करून पाहिलं. वहिनी म्हणाली, लचकेल.

घरी आल्यावर त्याला दाखवायला मी एक जुनी काचपट्टी शोधून काढली. मी स्वतः घासलेली पहिलीच. मंचरच्या बाजूचा बसाल्ट, ज्यात प्लॅजिओक्लेजचे सुळे बोटाच्या पेराएवढे असतात, त्यामुळे मायक्रोस्कोपही लागत नाही. कोपऱ्यात मामांनी डायमंड पेन्सिलनं माझं आडनाव कोरलंय, ऱ्हस्व-दीर्घ चुकवून. लॅपटॉपचा पांढरा पडदा स्वतःच ध्रुवित प्रकाश देतो. त्याच्यासमोर मी गॉगल आडवा धरला, पडदा काळा झाला, आणि मध्ये काचपट्टी सरकवली.

“पट्टे!” तो म्हणाला. “काळे आणि पिवळे.”

पिवळे. तीस वर्षांनंतरही पिवळेच. मी त्या दिवशी बस पकडायच्या घाईत होते आणि मामांनी एकदा बघून म्हटलं होतं, “अजून घास.”

भाच्यानं काचपट्टी माझ्या हातातून घेतली आणि हळूहळू फिरवायला लागला.